‘पुन्हा या’ म्हणणाऱ्या हॉटेलात पुन्हा जावे का?

‘बाहेरचे जेवण’ या सदराकडे या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी होती. एकदा निराशा पदरी आलेल्या फॅमिली रेस्टॉरंटला दुसरी संधी द्यावी की नाही, आणि द्यायची तर कशी, असा बहुतेकांचा प्रश्न होता. त्यांतली चार पत्रे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत. पत्रांमध्ये हॉटेलांची नावे होती, ती गाळली आहेत, कारण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कोणाचे नाव छापणे बरे नव्हे.

प्रश्न : वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही घरातले सगळे नव्यानेच उघडलेल्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये रविवारी रात्री गेलो होतो. पाऊण तास वेटिंग झाले, स्टार्टर आणि मुख्य जेवण एकदमच टेबलावर आले, तंदुरी रोट्या वातड झाल्या होत्या, व्हेज कोल्हापुरी चक्क गोड होती आणि बिलात न मागवलेले दोन मसाला पापड लावले होते. तक्रार केल्यावर मालकांनी पापडांचे पैसे वजा केले, दिलगिरी व्यक्त केली आणि ‘पुन्हा या, नाराज होणार नाही’ असे सांगितले. आता पत्नीच्या भिशीतल्या मैत्रिणींना तिथेच जेवण ठेवायचे आहे, कारण जागा ऐसपैस आहे आणि पार्किंगची सोय आहे. वडील म्हणतात, ‘एकदा कळले ना, मग कशाला पुन्हा पैसे घालवायचे?’ आम्ही काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या वडिलांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, पण त्यात एक खोच आहे. दुधाने तोंड पोळले की माणूस ताक फुंकून पितो असे आपण म्हणतो. हॉटेलच्या बाबतीत तो ताक पिणेच सोडून देतो. जे हॉटेल पहिल्या खेपेला आवडते तिथे आपण पुन्हा पुन्हा जातो, आणि आपले मत चुकीचे असेल तर पुढच्या खेपांत ते आपोआप दुरुस्त होते. जे आवडत नाही तिथे मात्र आपण पाऊलच ठेवत नाही, त्यामुळे त्याच्याविषयीचे चुकीचे मत जन्मभर तसेच राहते. जर्कर डेनरेल आणि जेम्स मार्च या अभ्यासकांनी २००१ मध्ये माणसांच्या आणि संस्थांच्या निर्णयांविषयी लिहिताना नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली होती. तेव्हा दुसऱ्या खेपेकडे हॉटेलवर केलेली मेहेरबानी म्हणून पाहू नये. आपली माहिती पक्की करून घेण्यासाठी केलेला तो खर्च असतो, आणि तो करावा की नाही हे पहिल्या खेपेला नेमके काय बिघडले होते यावर ठरवावे.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या तक्रारी एका तोलाच्या नाहीत. रविवारी रात्री पाऊण तास थांबावे लागणे ही ठाण्यात किंवा पुण्यात तक्रार म्हणण्याजोगी गोष्टच राहिलेली नाही. स्टार्टर आणि जेवण एकदम येणे हा बहुधा कॅप्टनचा, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरचा, दोष असतो. टेबलावर घेतलेली ऑर्डर केओटीच्या, म्हणजे स्वयंपाकघरासाठीच्या चिठ्ठीच्या, रूपाने आत जाते आणि तंदूर, चायनीज, ग्रेव्ही अशा वेगवेगळ्या सेक्शनांकडे फुटते. कॅप्टनने सगळी ऑर्डर एकाच वेळी आत धाडली, तर प्रत्येक सेक्शन आपापल्या सोयीने पदार्थ काढून मोकळा होतो. वातड रोटीचे कारणही तिथेच आहे. रोटी तंदुरातून दोन-तीन मिनिटांत निघते, भाजीला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या वेळी त्याहून जास्त. मधल्या वेळात रोटी आतल्या खिडकीपाशी ताटलीत पडून राहते, तिची वाफ तिच्यातच जिरते आणि टेबलावर येते तेव्हा ती दोन्ही हातांनी ओढावी लागते. हे दोष कामाच्या घडीचे आहेत. नव्या हॉटेलात माणसांची एकमेकांना सवय व्हायला वेळ लागतो, कॅप्टनला स्वयंपाकघराचा वेग कळायला वेळ लागतो, आणि अशा गोष्टी काही महिन्यांत सुधारू शकतात. दरम्यान ग्राहकाच्या हातातही एक उपाय आहे. ऑर्डर देतानाच ‘रोटी भाजी आल्यावर लावा, आणि दोन-दोन करून आणा’ असे सांगावे. जे हॉटेल एवढेही ऐकत नाही, त्याच्याविषयी तुम्हाला त्याच क्षणी बरेच काही कळून जाते.

गोड व्हेज कोल्हापुरीचे प्रकरण मात्र वेगळे आहे, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची तक्रार तीच आहे. आपल्याकडच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये प्रत्येक भाजी मुळापासून रांधली जात नाही, आणि तशी अपेक्षा करणेही रास्त नाही. सकाळीच कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू किंवा मगज बियांची पांढरी ग्रेव्ही, पालकाची हिरवी ग्रेव्ही अशी दोन-चार पातेली तयार करून ठेवतात, आणि ऑर्डर आली की त्यांतली एखादी कढईत घेऊन तिला फोडणी, मसाला आणि पनीर किंवा भाज्या जोडतात. टोमॅटोचा आंबटपणा मारायला लाल ग्रेव्हीत साखर घालणे ही जुनी युक्ती आहे. तेव्हा गोडपणा केवळ त्या एका भाजीत होता, की टेबलावरच्या दोन-तीन भाज्यांची चव सारखीच गोडसर लागत होती, हे जरा आठवून पाहा. एकच भाजी बिघडली असेल तर कढईवरच्या माणसाचा हात त्या रात्री चुकला असे धरता येते. सगळ्यांची चव एकच असेल तर दोष पातेल्यात आहे, म्हणजे तो त्या हॉटेलचा रोजचा रिवाज आहे, आणि तुम्ही दहा वेळा गेलात तरी तीच चव मिळेल. (कोल्हापूरच्या माणसाला ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाखाली जे वाढले जाते ते ओळखता येत नाही, ही गोष्ट निराळी, त्याचा दोष एकट्या या हॉटेलवर टाकता येणार नाही.)

बिलातल्या दोन पापडांविषयी सांगायचे तर गर्दीत शेजारच्या टेबलाची ऑर्डर आपल्या बिलावर चढणे नित्याचे आहे, आणि मालकांनी वाद न घालता पैसे वजा केले ही त्यांच्या बाजूची नोंद आहे. दुसऱ्या खेपेलाही बिलात चूक निघाली आणि तीही हॉटेलच्याच फायद्याची निघाली, तर मात्र तिला चूक म्हणू नये.

आता वेळेचा मुद्दा. अमेरिकेतल्या अन्नविषयक पत्रकारांच्या संघटनेने समीक्षकांसाठी जे संकेत घालून दिले होते, त्यांत नवे रेस्टॉरंट उघडल्यावर निदान एक महिना तिथे परीक्षणासाठी जाऊ नये आणि एकाहून अधिक वेळा जेवल्याशिवाय मत देऊ नये, असे म्हटले होते. आपण काही समीक्षक नव्हे, आणि नव्या हॉटेलात पहिल्या महिन्यात जेवणाऱ्यालाही बिल पूर्णच भरावे लागते, त्यामुळे ही सवलत मागण्याचा अधिकार हॉटेलला नाही. तरीही आपल्या स्वतःच्या माहितीसाठी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही की पहिल्या दोन-तीन महिन्यांतली अव्यवस्था आणि दोन वर्षे मुरलेली अव्यवस्था या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचे हॉटेल नवे आहे, म्हणून माझा कौल एकदा जाऊन पाहण्याच्या बाजूने आहे. पण भिशीच्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन नव्हे. त्याआधी तुम्ही दोघांनीच जावे.

दुसऱ्या खेपेसाठी बहुतेक लोक सल्ला देतात की आडवारी दुपारी, गर्दी नसताना जावे. मला तो अर्धाच पटतो. मंगळवारी दुपारी जेवण चांगले मिळाले तर त्यावरून एवढेच सिद्ध होते की या स्वयंपाकघराला रांधता येते. भिशीचे जेवण शनिवारी रात्री ठेवायचे असेल तर परीक्षाही शनिवारी रात्रीच घ्यायला हवी, भले वेटिंग झाले तरी. शिवाय पहिल्या खेपेला जे बिघडले होते तेच पुन्हा मागवावे. लोक नेमके उलट करतात. ते व्हेज कोल्हापुरीला हात लावत नाहीत, या वेळी दाल खिचडी मागवतात, ती बरी निघते, आणि ‘सुधारले हो हॉटेल’ असा निष्कर्ष काढून घरी येतात. तुम्ही तीच भाजी, तीच रोटी मागवा, सोबत वेगळ्या ग्रेव्हीची आणखी एक भाजी घ्या, आणि दोन्हींची चव वेगळी लागते का ते पाहा. ऑर्डर थोडकीच असू द्या, म्हणजे खर्चही आवाक्यात राहतो आणि लक्षही राहते.

मालकांना आधी फोन करून जावे का? त्यांचे ‘पुन्हा या’ मनापासूनचे असेलही, पण कळवून गेलात तर तुम्हाला मालकांचे आतिथ्य मिळेल, हॉटेलचे जेवण मिळेलच असे नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ रायकल यांनी १९९३ मध्ये ‘ल सर्क’ या नामांकित रेस्टॉरंटचे परीक्षण लिहिताना अनोळखी गिऱ्हाईक म्हणून मिळालेली वागणूक आणि ओळख पटल्यावर मिळालेली वागणूक शेजारीशेजारी मांडली होती, आणि चार तारे असलेल्या त्या रेस्टॉरंटला तीनच तारे दिले होते. भिशीतल्या मैत्रिणी उद्या पुन्हा आपापल्या घरच्यांना घेऊन तिथे जातील, तेव्हा मालक त्यांच्या टेबलाशी उभे राहणार नाहीत. म्हणून न कळवता जावे. जेवण समाधानकारक झाले तर बिल देताना गल्ल्यावर आवर्जून ओळख द्यावी, मागच्या वेळची आठवण करून द्यावी आणि भिशीच्या जेवणाची बोलणी तिथेच करावीत. अशा बोलण्यात एक मागणी जरूर करा. जेवणाचे पदार्थ आधीच ठरवून द्या आणि भाज्या दोन-तीनच ठेवा, कारण पंधरा-वीस जणींनी ऐनवेळी मेनूकार्ड उघडून पंधरा-वीस गोष्टी मागवल्या तर घडी बसलेल्या हॉटेलचीही तारांबळ उडते.

वडिलांना मात्र या खेपेला आग्रह करू नये. पंचाहत्तरीच्या दिवशीचे जेवण फसले ते फसले, त्यांची नाराजी रास्त आहे, आणि तुमच्या पाहणीत त्यांनी सहभागी व्हावे अशी काही गरज नाही.

प्रश्न : एका हॉटेलात पनीर टिक्का आतून थंड निघाला, वेटरने लक्ष दिले नाही, म्हणून मी घरी येऊन एक तारा देऊन अभिप्राय लिहिला. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. ‘मॅडम, तुम्ही सहकुटुंब या, आमच्याकडून जेवण, फक्त तो अभिप्राय काढून टाका,’ असे ते म्हणाले. माणूस बोलायला चांगला वाटला. जावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जायला हरकत नाही, फुकट जेवायला हरकत आहे. मालकांना तुमच्या एका ताऱ्याची एवढी धास्ती का वाटते, हे आधी समजून घ्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या रेस्टॉरंटांच्या उत्पन्नाचा येल्प या संकेतस्थळावरच्या ताऱ्यांशी मेळ घालून पाहिला, तेव्हा एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे त्यांना आढळले. आणि हा परिणाम एकेकट्या, स्वतंत्र रेस्टॉरंटांवर होता, साखळी रेस्टॉरंटांवर नव्हता. तुमच्या नाशिकच्या मालकांनी हा अभ्यास वाचला नसेल, पण गल्ल्यावर बसणाऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. म्हणजे त्यांचा फोन हा स्वार्थाचा आहे, आणि त्यात वावगे काही नाही. वावगी आहे ती अट. जेवणाच्या बदल्यात अभिप्राय काढून टाकला की तुमच्यासारखीच कोणी उद्या तो वाचून सावध झाली असती, तिची वाट तुम्ही बंद करता.

माझा सल्ला असा की मालकांना सरळ सांगावे, ‘मी पुन्हा येईन, बिल मी देईन, आणि जे दिसेल ते त्याच अभिप्रायाखाली तारखेसह लिहीन.’ गूगलवरचा अभिप्राय नंतर दुरुस्त करता येतो. जुने वाक्य तसेच ठेवून त्याखाली नवी खेप लिहिली, तर वाचणाऱ्याला दोन्ही कळतात, आणि खरोखर सुधारलेल्या हॉटेलला नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा अशा नोंदीचा उपयोग अधिक होतो. थंड निघालेल्या टिक्क्याचे पैसे मालक परत देत असतील तर ते खुशाल घ्या. तो तुमचा हक्क आहे. सहकुटुंब जेवण ही त्याच्या पलीकडची गोष्ट झाली.

तुमच्या पत्रात ‘वेटरने लक्ष दिले नाही’ एवढेच आहे. त्याने लक्ष दिले नाही तेव्हा तुम्ही कॅप्टनला किंवा मालकांना बोलावले होते का, हे कळत नाही. थंड टिक्का ही जागच्या जागी, पाच मिनिटांत सुधारता येणारी चूक आहे, आणि ती सुधारताना हॉटेल कसे वागते यावरून त्याची जेवढी पारख होते तेवढी नीट झालेल्या जेवणावरून होत नाही. मायकेल मॅककलो आणि सुंदर भारद्वाज यांनी १९९२ मध्ये असे मांडले होते की चूक झाल्यावर ती उत्तम रीतीने निस्तरली तर ग्राहक कधीकधी चूक न झालेल्या ग्राहकापेक्षाही जास्त खूश होतो. २००७ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्यातली मेख बाहेर आली: समाधान वाढते हे खरे, पण पुन्हा येण्याची इच्छा त्या मानाने वाढत नाही. मला यात ग्राहकाचा शहाणपणा दिसतो. माफी छान मागितली म्हणून माणूस सुखावतो, पण पुढच्या वेळी टिक्का गरम येईल याची खात्री त्याला माफीतून मिळत नाही. तुम्हीही मालकांच्या गोड बोलण्यावर जाऊ नका; टिक्का मागवा, तुकडा मधोमध तोडून पाहा.

प्रश्न : आमच्या नेहमीच्या नसलेल्या एका हॉटेलात आम्ही रात्री फ्राइड राइस आणि मंचुरियन खाल्ले. सासूबाईंना तीन तासांतच उलट्या सुरू झाल्या, मुलाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुलाब झाले. यजमान म्हणतात की एखाद्या वेळी होते असे, जागा स्वच्छ दिसत होती, पुन्हा जायला काय हरकत आहे. मला धीर होत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा धीर होत नाही ते योग्यच आहे, निदान सासूबाईंच्या बाबतीत. फ्राइड राइस खाल्ल्यावर तीन तासांत उलट्या होण्यामागे नेहमीचा संशयित असतो तो भात. शिजवलेला भात मोठ्या पातेल्यात बाहेरच ठेवला तर त्यात ‘बॅसिलस सेरियस’ नावाचे जिवाणू वाढून विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे दुपारचा भात रात्री कढईत कितीही परतला तरी उपयोग होत नाही, आणि अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होऊ शकतात. चायनीज सेक्शनला मोकळा भात लागतो म्हणून तो आधीच शिजवून ठेवण्याची पद्धत आहे. तो लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवला तर काही बिघडत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात तासन्‌तास राहिलेले अन्न धोक्याचे, हा स्वयंपाकघरातला पहिला नियम, आणि तो पाळला जातो की नाही हे बाहेरच्या स्वच्छ फरशीवरून, एसीवरून किंवा वेटरच्या गणवेशावरून कळत नाही. तुमच्या यजमानांची गफलत तिथे होते आहे.

मुलाच्या जुलाबांविषयी मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही. साल्मोनेलासारख्या संसर्गात लक्षणे सहा तासांपासून काही दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात, म्हणजे दोष त्या रात्रीच्या जेवणाचा असेल किंवा त्यानंतर मुलाने शाळेबाहेर खाल्लेल्या एखाद्या पदार्थाचाही असेल. आपण नेहमी शेवटच्या बाहेरच्या जेवणावर बोट ठेवतो, आणि तसे करताना कधीकधी निरपराध हॉटेल फासावर जाते. पण एकाच टेबलावरच्या एकाहून जास्त जणांना, एकच पदार्थ खाल्ल्यावर, जवळपास एकाच वेळी त्रास झाला, तर संशय बळावतो.

चवीच्या चुकीला दुसरी संधी देता येते, कारण पुन्हा फसलो तर पैसे जातात. इथे जाते ती तब्येत, आणि ज्येष्ठ, लहान मुले व गर्भवती यांना त्याची किंमत फार मोजावी लागू शकते. म्हणून पुन्हा जाण्याआधी हॉटेलला निदान फोन करून सांगा, आणि ते काय विचारतात ते ऐका. कोणता पदार्थ, किती वाजता, किती जणांना, असे प्रश्न आले तर तिथे कोणीतरी जबाबदार माणूस आहे. ‘आमच्याकडे असे होऊच शकत नाही’ एवढेच उत्तर आले तर तुमचा निर्णय सोपा झाला. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते, किंवा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या अ‍ॅपवरून. त्यासाठी हॉटेलचा १४ अंकी परवाना क्रमांक हाताशी असला तर बरे. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. सासूबाईंना पुन्हा असे झाले आणि पाणीही पोटात ठरेना, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

प्रश्न : आमच्या भागातल्या हॉटेलात मी वर्षानुवर्षे जेवत आलो. गेल्या काही महिन्यांत सगळेच बिघडले आहे. सांबार पातळ, थाळीत भाजी चमचाभर, आणि भरीस भर म्हणून बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. पाटी तीच आहे, माणसे मात्र ओळखीची दिसत नाहीत. इतक्या वर्षांच्या ऋणानुबंधापायी आणखी एक संधी द्यावीशी वाटते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सर्व्हिस चार्जचे आधी संपवू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात परस्पर लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. तो काढून टाकायला सांगावे. न काढल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जीएसटी ही निराळी बाब आहे, ती नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के असते आणि ती द्यावीच लागते.

राहिले बिघडलेले जेवण. ओळखीची माणसे दिसत नाहीत या तुमच्या एका वाक्यातच बहुधा उत्तर दडलेले आहे. मुंबई-पुण्याकडे जुने मालक थकले किंवा पुढच्या पिढीला धंद्यात रस नसला, की हॉटेल कंडक्टिंगवर देतात, म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन दुसऱ्याला चालवायला देतात. जागा, पाटी आणि परमिट जुने राहते. वस्ताद (म्हणजे मुख्य आचारी), भाजीवाला, तेलाचा डबा सगळे बदलते. चालवणाऱ्याला दरमहा मालकाची रक्कम आधी काढायची असते, आणि ती पहिल्यांदा निघते ती सांबारातल्या डाळीतून. तसे असेल तर तुमचा ऋणानुबंध ज्या माणसांशी होता ती तिथे नाहीत, आणि जुन्या आठवणींच्या जमाखर्चातून या नव्या माणसांना सूट देण्याचे कारण नाही. त्यांना एखाद्या अनोळखी हॉटेलसारखेच तोलावे. एकदा जाऊन पाहायचे तर जरूर जा, पण ‘पूर्वी कसे असायचे’ हे बाजूला ठेवून, समोरच्या थाळीची किंमत समोरच्या थाळीवरूनच ठरवा.

चालवणारे खरोखर बदलले आहेत का, हे ताडून पाहण्याची एक साधी रीत आहे. घरात कुठे जुने बिल सापडले तर त्यावरचा जीएसटी क्रमांक नव्या बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. हा क्रमांक चालकाच्या पॅनवर आधारलेला असतो, त्यामुळे धंदा दुसऱ्याच्या नावावर गेला असेल तर तो बहुधा वेगळा निघेल, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कोणाच्या नावावर आहे तेही दिसते. जुने बिल नसेल तर गल्ल्यावर बसलेल्याला सरळ विचारावे की पूर्वीचे शेठ कुठे असतात.